निवाऱ्याच्या नोंदवहीत काय लिहावे, काय लिहू नये

ज्याला घर नाही त्यालाही मतदार होता येते. सहा नंबरच्या अर्जात आपण रात्री जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का ते पाहतो. घराचा कागद त्याने मागायचा नसतो. निवडणूक आयोगाची ही सोय जुनी आहे. अशा वेळी निवारा केंद्रातली तारखेनिशी ठेवलेली नोंद त्या माणसाच्या बाजूने उभी राहते. तीच नोंद अर्धवट किंवा अंदाजाने भरलेली असली, तर ती त्याच्या आड येते.

जळगाव आणि धुळे इथल्या निवारा केंद्रांचे व्यवस्थापक आणि काळजीवाहक, महापालिकेच्या शहर अभियान कक्षातले समुदाय संघटक, स्टेशनबाहेर रात्री जेवण आणि घोंगड्या वाटणारी मंडळे, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझे म्हणणे एकच आहे. नोंद ज्याची आहे त्याच्या उपयोगाची असली पाहिजे. तशी ठेवली की अहवालाचे आकडे तिच्यातूनच निघतात. आधी अहवालाचे रकाने समोर ठेवून माणसाला प्रश्न विचारायला बसलो, तर रकाने भरतात पण त्या माणसाचे काम होत नाही.

खान्देशातल्या या दोन शहरांत बेघर म्हणून येणारी माणसे एका साच्यातली नाहीत. जळगाव हे मुंबई-हावडा मार्गाला सुरतेची लाईन मिळते ते जंक्शन, आणि शेजारी भुसावळ. धुळ्याला चाळीसगावहून येणारी रेल्वे संपते, पण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग तिथेच एकमेकांना छेदतात. बाजार समितीत पोती वाहणारा हमाल, सुरतेच्या कारखान्यातले काम सुटून परतलेला तरुण, सातपुड्यातून मजुरीला उतरलेले कुटुंब, मुलाने घराबाहेर काढलेली म्हातारी, कुठल्यातरी गाडीत बसून इथे उतरलेला मनोरुग्ण, दवाखान्यात पेशंट भरती केलेला आणि स्वतः फुटपाथवर झोपणारा नातेवाईक, असे सगळे एकाच दारातून आत येतात. हमालाला सामान ठेवायला कुलूप हवे असते, म्हातारीला निराधार योजनेचा अर्ज, मनोरुग्णाला त्याचे गाव. कोणाला काय हवे आहे हे टिपले गेले नाही, तर बाकीची माहिती गोळा करून फारसा उपयोग नाही.

पहिल्या रात्री थोडेच विचारा

रस्त्यावरच्या माणसाला वाटणारी यादीची भीती खरी आहे, आणि ती कुठून येते हे विचारणाऱ्याला माहीत असले पाहिजे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाजांची नावे सरकारी दप्तरात चढवली आणि त्यांना हजेरी लावायला भाग पाडले. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण त्या घरांतल्या आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी नातवंडांपर्यंत आल्या आहेत. 1959 चा भिक्षा प्रतिबंध कायदा महाराष्ट्रात अजून आहे आणि त्याखाली माणसाला पकडून संस्थेत डांबता येते. रस्त्यावरच्या माणसाच्या दृष्टीने वही-पेन घेऊन येणारा कार्यकर्ता आणि गाडी घेऊन येणारे पथक यांत पहिल्या भेटीत फरक नसतो.

ही भीती फक्त आपल्याकडची नाही. लंडनमध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांची माहिती अनेक संस्था मिळून एका सामायिक नोंदसंचात ठेवतात. तिथल्या गृहखात्याने रस्त्यावर झोपणाऱ्या युरोपीय नागरिकांना देशाबाहेर काढण्याचे धोरण राबवले, तेव्हा बेघरांसाठी काम करणाऱ्या काही संस्थांची मदत त्याला झाल्याचे उघड झाले. डिसेंबर 2017 मध्ये तिथल्या हायकोर्टाने ते धोरण बेकायदा ठरवले. तोवर मदतीसाठी दिलेल्या माहितीवरचा विश्वास जायचा तेवढा गेला होता.

म्हणून पहिल्या रात्री आधी ‘जेवन जायं का, बाबा?’ आणि मग बाकीचे. हाक मारायचे नाव, अंगाला काही दुखणे किंवा चालू असलेली गोळी, काही झाले तर कोणाला कळवायचे, आणि सांभाळून ठेवायचे सामान, एवढ्यावर पहिली रात्र निभते. खाटेचा क्रमांक आणि वेळ तुम्हीच लिहाल. ‘कोणाला कळवू नका’ असे उत्तर आले तर तेही तसेच लिहा, ते पूर्ण उत्तर आहे. आधार नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नका. धुळ्यात हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि जळगावात मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. अशा हवेत कागदासाठी माणसाला बाहेर ठेवणे जिवावर बेतू शकते.

जात, धर्म, उत्पन्न, घर सोडण्याचे कारण, जुना गुन्हा हे पहिल्या रात्री विचारायचे प्रश्नच नव्हेत. यातले काही पुढे एखाद्या अर्जासाठी लागेल, तेव्हा तो अर्ज समोर ठेवून विचारा. बाकीचे माणूस आपणहून सांगेल किंवा सांगणार नाही.

नाव आणि गाव

सगळ्यात जास्त चुका या दोन रकान्यांत होतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही त्यांनीच होते.

शिरपूर, चोपडा, यावल, धडगाव या भागांतून येणाऱ्या पावरा माणसाचे नाव लिहिताना घाईत ‘पवार’ लिहिले जाते. पावरा ही अनुसूचित जमातीच्या यादीतली जमात आहे आणि पवार हे भलत्याच समाजांतही असलेले आडनाव. पुढे जातीचा दाखला, शिष्यवृत्ती किंवा घरकुल यांच्या वेळी या एका अक्षराच्या फरकाने फाईल अडते, आणि ती मोकळी करायला लागणारी फेऱ्या मारण्याची ताकद त्या माणसाकडे नसते. रावेर-यावलकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत. नुसते नाव ऐकून त्यांची जमात कोणी लिहीत नाही आणि ते आदिवासी योजनेतून सुटतात. नाव ऐकून आपण काही ठरवू नये. जुना कागद असेल तर त्यावर जसे आहे तसे लिहावे, आणि बोलण्यातले नाव वेगळे असेल तर शेजारी तेही लिहावे. ‘सुकलाल’ सांगितले आणि कागदावर ‘सुखलाल’ असले तर दोन्ही. आपण शुद्धलेखन सुधारायला बसलेलो नाही.

गावाचे तर विचारूच नका. पिंपळगाव, वडगाव, पिंप्री या नावांची गावे दर तालुक्यात सापडतात. तालुका विचारल्यावर उत्तर आले नाही तर आठवड्याचा बाजार कुठे आणि कोणत्या वारी भरतो, नदी कोणती, गावची जत्रा कोणाची, एसटीने जायचे तर कुठे उतरायचे, हे विचारावे. ज्याला जिल्हा सांगता येत नाही त्यालाही बाजाराचा वार पक्का आठवतो. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीचे कागद आणि वयस्कर माणसे यांच्या लेखी अक्कलकुवा, तळोदा, शहादा अजून धुळे जिल्ह्यातच आहेत. वहीत नुसते ‘जि. धुळे’ लिहून पत्र पाठवले तर ते चुकीच्या कचेरीत फिरत राहते. म्हणून गाव, तालुका, बाजाराचे गाव आणि जिल्हा असे चार वेगळे रकाने ठेवा.

वयाचेही तसेच. ‘असेल पन्नास-साठ’ असे लिहिलेले वय श्रावणबाळ योजनेच्या वेळी काही कामाचे नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता की कडेवर होता, इंदिरा गांधी गेल्या त्या वर्षी लग्न झाले होते का, अशा आठवणींतून जन्मसाल बरेच जवळ येते. ते ‘अंदाजे’ असा शेरा मारूनच लिहावे. अंदाज खरा म्हणून लिहिला की पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी भांडतो.

भाषेची अडचण असेल तर अहिराणी, पावरी, भिली बोलणारा माणूस आधीच शोधून ठेवावा. मात्र आजार, मारहाण, नवरा-बायकोचे भांडण असे काही सांगायचे असेल तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दुभाषी करू नये. सकाळपर्यंत ते सगळ्या हॉलला माहीत झालेले असते.

शेऱ्याचा रकाना

कुठल्याही केंद्राची वही उघडून शेऱ्याचा रकाना वाचला की तिथे माणसांकडे कसे पाहिले जाते ते कळते. ‘दारुडा’, ‘वेडसर’, ‘भिकारी’, ‘भांडखोर’ हे शब्द तिथून कायमचे काढा. ‘रात्री 11 वाजता आले, तोल जात होता, उलटी झाली, पाणी दिले, सकाळी ठीक’ हे लिहा. पहिल्या शब्दांनी तुमचे मत कळते, दुसऱ्या वाक्याने डॉक्टरला काहीतरी कळते. आणि ही वही तपासणी अधिकारी, पोलीस, कधी कोर्टही पाहते हे विसरू नका. ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवता येईल एवढेच लिहावे. ही कसोटी मला सगळ्या छापील नमुन्यांपेक्षा उपयोगी वाटते.

आजाराच्या बाबतीत काही नोंदी माणसाला वाचवतात. क्षयाचा रुग्ण असेल तर त्याचा निक्षय क्रमांक वहीत हवाच, आणि चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशातही हवा. तो उद्या सुरतेला किंवा नाशिकला गेला तरी त्या क्रमांकावर तिथल्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू राहतात. क्रमांक हरवला तर गोळ्या मध्येच तुटतात, आणि अर्धवट औषधाने क्षय आणखी हट्टी होतो. एचआयव्हीची माहिती मात्र सामान्य नोंदवहीत लिहायची नाही. 2017 च्या कायद्याने ती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे. ‘दर महिन्याला जिल्हा रुग्णालयात जावे लागते, तारीख अमुक’ एवढी आठवण पुरते.

भटकत आलेल्या मनोरुग्णाची नोंद वेगळ्या चिकाटीने करावी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा बेघर माणूस सापडला की पोलीस ठाण्यात हरवलेल्या व्यक्तीची नोंद व्हायला हवी, आणि घरच्यांचा शोध घेणे ही ठाणेदाराची जबाबदारी आहे. ती नोंद झाली का आणि तिचा क्रमांक काय, हे वहीत असले पाहिजे. शिवाय तो बडबडत असताना तोंडून निघालेली गावांची, माणसांची, देवांची नावे ऐकू आली तशी, तारखेसह टिपत जा. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मनोरुग्णांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवले. डॉ. वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाने माणूस सावरल्यावर अशा एखाद्या गावाच्या नावावरूनच घराकडचा रस्ता सुरू होतो. आज निरर्थक वाटणारा शब्द दोन महिन्यांनी कामाला येतो.

मुले आणि घर सोडून आलेल्या बायका

एकटे मूल आले तर त्याची माहिती जमवत बसायचे नाही. 1098 ला फोन करायचा आणि चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर न्यायचे. कोणी आणले, किती वाजता, अंगावर काय होते, कोणाच्या ताब्यात दिले, एवढे लिहा. मुलाची ओळख बाहेर फोडणे हा बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे.

मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचे नाव समोरच्या टेबलावरच्या वहीत असता कामा नये. तिचा नवरा किंवा दीर ‘आमची बाई हरवली आहे’ म्हणत दुसऱ्या दिवशी दारात येऊ शकतो, आणि भोळा काळजीवाहक वही उघडून दाखवतो. अमेरिकेत बेघरांच्या सेवा देणाऱ्या संस्थांना एका सामायिक संगणकीय नोंदसंचात माहिती भरावी लागते, पण हिंसाचारातून सुटलेल्यांना आसरा देणाऱ्या संस्थांना त्यात ओळख पटेल अशी माहिती भरायला कायद्यानेच मनाई आहे. त्या आपली नोंद वेगळी ठेवतात. आपल्याकडे एवढे तरी करता येईल: अशा बाईची नोंद सांकेतिक क्रमांकाने, कुलपातल्या वहीत, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर, ‘इथे कोण आहे कोण नाही ते आम्ही सांगत नाही.’ पोलीस आले तर लेखी विचारणा घ्या आणि तिला आधी कल्पना द्या.

फोटो हा आणखी एक मोठा धोका. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे ही व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा तेवढ्याला पुरली. याच धुळे जिल्ह्यात अनोळखी माणसाचा चेहरा ‘ओळखता का?’ असे विचारत गटागटांत फिरवण्यापूर्वी थांबा. घरचे शोधायचे असतील तर पोलीस ठाण्यामार्फत शोधा. ब्लँकेट वाटपाचे फोटो देणगीदाराला पाठवायचे असतील तर हातांचे, घोंगड्यांचे पाठवा. अंथरुणातल्या माणसाला थंडीत फोटोसाठी उठवून बसवणे थांबलेच पाहिजे.

संमती म्हणजे नुसता अंगठा नाही

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगणे, तेवढ्यासाठीच ती वापरणे, काम संपल्यावर ती पुसणे आणि फुटली तर कळवणे, हा त्याचा गाभा. सूचना मराठीतही मागता येते. संगणकावर किंवा मोबाईलवर यादी ठेवणाऱ्या छोट्या संस्थेनेही आतापासून ही सवय लावावी.

पण थकलेल्या माणसापुढे छापील मजकूर ठेवून अंगठा घेतला, तर कागदावर संमती दिसते आणि माणसाला काहीच कळलेले नसते. तोंडी सांगा: ‘आजी, तुमचं नाव-गाव मी या वहीत लिहितो. पगाराच्या अर्जासाठी तहसील कचेरीत एवढंच देणार. दुसऱ्या कुणाला देणार नाही. नको वाटलं तर सांगा, मी खोडतो. नाही म्हटलंत तरी खाट आणि जेवण मिळणारच.’ शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. नकार दिला तर जेवण जाईल अशी शंका असताना मिळालेला होकार खरा नसतो. आणि खान्देशात निराधार योजनेच्या पैशाला आजी ‘पगार’ म्हणत असेल तर आपणही पगारच म्हणावे.

आधारची झेरॉक्स फाईलला लावण्याची सवय सोडा. शेवटचे चार अंक पुरतात. आधारच नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र नोंदणीसाठी चालते. ते देण्यासाठी तुमची स्वतःची वही व्यवस्थित लागते.

वही, संगणक आणि मोजणी

रोजची हजेरी आणि माणसाची माहिती एकाच वहीत ठेवू नका. टेबलावरच्या वहीत सांकेतिक क्रमांक, खाट, येण्या-जाण्याची वेळ. नाव-गाव-आजार दुसऱ्या वहीत, ती कपाटात, किल्ली व्यवस्थापकाकडे. संगणक असेल तर एका तक्त्यात एका माणसाची एकच ओळ, आणि प्रत्येक मुक्काम दुसऱ्या तक्त्यात, त्याच क्रमांकाने जोडलेला. तोच माणूस थंडीत आणि पुन्हा पावसाळ्यात आला तर नवा माणूस म्हणून मोजला जात नाही. मराठी युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फाँटमध्ये भरलेली नावे दुसऱ्या यंत्रावर शोधायला गेले की अगम्य अक्षरे दिसतात. काळजीवाहकाच्या स्वतःच्या मोबाईलवर यादी नको, कारण तो नोकरी सोडतो तेव्हा यादीही सोबत जाते.

माणूस गेला की ‘निघून गेला’ लिहून पान बंद करू नका. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला मुकादमाबरोबर गुजरातेत उतरतात. कुठे, कोणाबरोबर, परत कधी, हे सांगितले तर लिहा. उचल किती घेतली तेही माणूस सांगत असेल तर त्याच्या परवानगीने लिहून ठेवा. पुढे वेठीची वेळ आली तर ती तारीख आणि तो आकडा पुरावा ठरतो.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शनात लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा धरली होती. 2011 ची जळगावची लोकसंख्या 4 लाख 60 हजार, धुळ्याची 3 लाख 75 हजार. म्हणजे जळगावला चार-पाच आणि धुळ्याला तीन-चार केंद्रे लागतात. ती मागायची तर गरजेचा आकडा लागतो, आणि तो एका रात्रीच्या मोजणीतून येत नाही. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात 17 लाख 70 हजार, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजार माणसे मोजली गेली. फेब्रुवारीत खान्देशातले तोडणी मजूर गावात नसतात. पुढची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्येच ठरली आहे. कोणत्या पुलाखाली, कोणत्या मंदिराच्या ओट्यावर, बाजार समितीच्या कोणत्या शेडमध्ये माणसे झोपतात, ही जागांची यादी मोजणी अधिकाऱ्यांना आधीच द्यावी. माणसांच्या नावांची यादी देऊ नये. आपली स्वतःची रात्रमोजणी जानेवारीत आणि पुन्हा जूनमध्ये करावी. दोन्ही आकड्यांतला फरक महापालिकेच्या बैठकीत मांडावा. अहवालात ‘एक विधवा, वय 34, अमुक गल्ली’ असली एकाच माणसाकडे बोट दाखवणारी ओळ नको.

केंद्र चालवणारी संस्था बदलते तेव्हा नोंदी कोणाच्या, हा वाद होतो. तो करारातच मिटवा. जुन्या संस्थेने महापालिकेच्या प्रतिनिधीसमोर, पानांचे आकडे लिहून, सही-शिक्क्याने वह्या सुपूर्द कराव्यात आणि स्वतःकडच्या प्रती पुसल्याचे लेखी द्यावे. चालू अर्ज असलेल्यांची पाने आधी हलवा, नाहीतर मधल्या महिन्यांत कोणाचा पगार अडकतो, कोणाची गोळी. किती वर्षांनी कोणत्या वह्या नष्ट करायच्या हे निवारा व्यवस्थापन समितीच्या ठरावात नोंदवा. नष्ट करताना फाडून बारीक तुकडे करा किंवा दोघांच्या देखत जाळा. रद्दीवाल्याकडे वही जाऊ देऊ नका, तिची पाने भाजी-भज्यांच्या पुड्या बनून त्याच स्टेशनबाहेर येतात.